मोजलेली लोकप्रियता, न मोजलेली घरे

मराठी दूरचित्रवाणीवरचे पहिले लाडके कुटुंब बडोद्यात जन्माला आले होते. चिमणराव, काऊ आणि गुंड्याभाऊ यांचे जनक चिं. वि. जोशी मूळचे पुण्याचे. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ बडोद्यात गेला. तेथील महाविद्यालयात त्यांनी पाली भाषा शिकवली, पुढे संस्थानच्या दप्तरखान्याचे काम पाहिले, आणि पुणेरी मध्यमवर्गाला हसवता हसवता त्याच्यासमोर आरसा धरला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने या कथांवर मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले आणि मुंबई-पुण्याची घरे त्या वेळेला पडद्यासमोर एकत्र बसू लागली. बडोद्याच्या मराठी घरांना मात्र ती मालिका दिसली नाही. मुंबई केंद्राच्या लहरी तिथवर पोहोचतच नव्हत्या.

हा विरोधाभास केवळ गंमत म्हणून सांगितलेला नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांचे आणि मराठी मालिकांचे नाते असेच तिरकस राहिले आहे. मालिकांच्या लोकप्रियतेची चर्चा नेहमी आकड्यांच्या आधारे होते. कोणती मालिका किती वर्षे चालली, कोणी कोणाला मागे टाकले, याचे हिशेब मांडले जातात. ते हिशेब खोटे नसतात. पण ते कोणाच्या घरात बसून केलेले असतात, हे क्वचितच विचारले जाते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील घरांत त्याच मालिकांची तुलना केली तर निकाल वेगळा लागतो. तो कसा, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

या प्रकाराचे नावच व्यापाऱ्यांकडून आलेले आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील नभोवाणीवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी रोजच्या कौटुंबिक कथा प्रसारित होऊ लागल्या. त्यांना पैसा पुरवणाऱ्यांत साबण बनवणाऱ्या कंपन्या आघाडीवर होत्या, म्हणून त्या ‘सोप ऑपेरा’ ठरल्या. १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू झालेली ‘गायडिंग लाइट’ १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ पर्यंत चालली. आपल्याकडे या प्रकाराची सुरुवात ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ने झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेमागे मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांचा प्रयोग होता. करमणुकीच्या कथेतून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांच्या गळी उतरवावेत, असा तो विचार. भागाच्या शेवटी अशोक कुमार येत आणि घरातल्या वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द सांगत. पुरस्कर्ता मात्र साबणवाला नव्हता. तो होता मॅगी नूडल्स. सामाजिक संदेश किती रुजला हा वादाचा विषय आहे. दोन मिनिटांत शिजणारा तो पदार्थ मात्र नक्की रुजला. मालिकेचा परिणाम नेहमी तिच्या हेतूच्या दिशेनेच होतो असे नाही, हा धडा पहिल्याच मालिकेने दिला होता.

त्या काळात स्पर्धा नव्हती, कारण वाहिनीच एक होती. देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली तेव्हा आपल्या गावांत दूरदर्शन आले ते दिल्लीचे, म्हणजे हिंदीचे. महाराष्ट्रातील घरांना मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम मिळत. आपल्याला ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ मिळाले. त्यांनी आनंद दिला यात शंका नाही. पण घराबाहेर हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कन्नड आणि घरात मराठी अशी जी वाटणी आपल्या पूर्वजांनी नकळत केली होती, तिचा उंबरठा पहिल्यांदा या पडद्याने ओलांडला. दिवाणखान्यात, थेट वडिलांच्या आरामखुर्चीसमोर, संध्याकाळभर दुसरी भाषा बोलली जाऊ लागली.

हे चित्र पालटले ते उपग्रह वाहिन्यांमुळे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली. तीच पुढे ‘झी मराठी’ झाली. २००० साली ‘ई टीव्ही मराठी’ आली. ती रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाची, म्हणजे हैदराबादच्या उद्योगाची वाहिनी. १९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता त्या राज्याच्या जुन्या राजधानीतून महाराष्ट्राला मराठी वाहिनी मिळावी, हा इतिहासाचा एक सुरेख योगायोग होता. उपग्रहाला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. केबलवाल्याने मनावर घेतले की ग्वाल्हेरच्या घरात तोच भाग त्याच क्षणी दिसू लागला, जो दादरला दिसत होता. याआधी मराठी आपल्याकडे पाहुणी म्हणून येत असे. साहित्य संमेलन बडोद्याला १९०९ मध्ये, इंदूरला १९१७ मध्ये, ग्वाल्हेरला १९२८ मध्ये, बेळगावला १९२९ मध्ये आणि हैदराबादला १९३१ मध्ये भरले. त्या आठवणी पिढ्यांना पुरल्या. पण संमेलन कधीतरी येते. मालिका रोज येते. मराठीचे असे रोजचे येणे आपल्या इतिहासात नवीन होते.

आता स्पर्धेकडे वळू. ‘अल्फा’वर १९९९ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आभाळमाया’ सुरू झाली आणि २००३ पर्यंत चालली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी ही शिकलेली, नोकरी करणारी, दोन मुलींची आई. पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्यावर ती आक्रोश करत नाही, सूडही घेत नाही. आपला स्वाभिमान सांभाळून जगत राहते. तिच्या पाठोपाठ आलेल्या ‘वादळवाट’ने २००३ ते २००७ या काळात तोच शहरी, संयत सूर पुढे चालवला. त्याआधी दूरदर्शनच्या मराठी वाहिनीवर ‘दामिनी’ने पत्रकार नायिका घराघरांत नेऊन रोजच्या मराठी मालिकेची वाट मोकळी केली होती, हेही नोंदवले पाहिजे.

‘ई टीव्ही’चे उत्तर २००१ च्या नोव्हेंबरमध्ये आले. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेत रोहिणी हट्टंगडी या सासू आशाताई देशमुख, तर कविता लाड या सून अनुराधा. मालिका जानेवारी २०१३ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. नाव घेतले होते आपल्या जुन्या म्हणीतून, आणि त्या म्हणीचा अर्धा भाग सुनेचा आहे हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. ‘आभाळमाया’चे घर नवरा-बायको-मुलींचे, आधुनिक, ‘चार दिवस’चे घर मोठे, श्रीमंत, एकत्र, कारस्थानांनी गजबजलेले. पहिल्या मालिकेची चर्चा सुशिक्षित स्त्रियांच्या भिशीत आणि वर्तमानपत्रांत होई; दुसरी मालिका रोजच्या जेवणासारखी होती. तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नसे, पण चुकवतही नसे. कालावधी हे माप धरले तर ‘चार दिवस’चा विजय निर्विवाद आहे. पुढच्या मराठी मालिकांनी कोणाला गुरू मानले हे पाहिले, तर मोठ्या घरातील कलहाचा सूरही ‘चार दिवस’चाच पुढे गेला; मात्र नायिका शोधताना लेखक पुनःपुन्हा सुधा जोशीकडे परत येत राहिले. २०१९ ते २०२४ या काळात ‘स्टार प्रवाह’वर चाललेली ‘आई कुठे काय करते’ ही मूळ बंगाली मालिकेवर बेतलेली होती. परंतु मराठी प्रेक्षकाने अरुंधतीला इतक्या सहज आपले मानले, त्याची मशागत वीस वर्षांपूर्वी ‘आभाळमाया’ने करून ठेवली होती.

महाराष्ट्रापुरती तुलना येथे संपते. आपल्या घरांत मात्र खरी स्पर्धा या दोन मराठी मालिकांमध्ये नव्हतीच. ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘कहानी घर घर की’ आली. एकता कपूर यांच्या या दोन मालिका रात्री साडेदहा आणि दहा या वेळी २००८ पर्यंत चालल्या आणि देशातील आकड्यांच्या यादीत वर्षानुवर्षे वरच राहिल्या. ‘क्योंकि’चे शीर्षक आणि ‘चार दिवस सासूचे’ ही म्हण यांचा आशय एकच आहे: आजची सासू कालची सून असते. भारतीय घराचे एकच लोकसत्य दोन भाषांत, दीड वर्षाच्या अंतराने, शीर्षक होऊन आले. विराणी कुटुंब गुजराती, अगरवाल कुटुंब मारवाडी. बडोद्याच्या मराठी स्त्रीला विराणींचे घर शेजारच्या घरासारखे वाटले, इंदूरच्या स्त्रीला अगरवालांचे. आणि देशमुखांचा वाडा तिला ज्या गावी होता त्या गावी तिचे सासर-माहेर दोन्ही नव्हते. महाविद्यालयात, कचेरीत, बाजारात दुसऱ्या दिवशी गप्पा निघत त्या तुलसी आणि पार्वतीच्या. आभाळातून मराठी येऊ लागली खरी, पण ज्या गप्पांतून मालिका समाजाची होते, त्या गप्पा करायला अंगणाबाहेर मराठी माणूस नव्हता. म्हणून घरातील आजी एका मराठी मालिकेसाठी हट्ट धरी, तेव्हा ती केवळ करमणूक मागत नसे. एकुलत्या एका संचावर संध्याकाळची कोणती भाषा चालेल, हा तो प्रश्न असे. २००० च्या दशकातील अनेक घरांत हा तह रोज होई: अमुक वाजेपर्यंत मराठी, पुढे हिंदी.

या हट्टाची नोंद कोठे झाली? येथे आकड्यांचे यंत्र कसे चालते ते पाहिले पाहिजे. टीआरपी म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाची गणना नव्हे. निवडलेल्या काही हजार घरांत संचाला यंत्र जोडतात. कोण पाहत आहे ते घरातील माणसे बटण दाबून सांगतात. त्यावरून साऱ्या समाजाचा अंदाज बांधतात. टॅम या संस्थेच्या काळात ही यंत्रे मुख्यतः एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत होती. ग्रामीण भाग त्यात नव्हताच. २०१५ पासून बार्क या संस्थेने हे काम हाती घेतले. वाहिनीच्या ध्वनीत कानाला न जाणवणारी खूण मिसळून पाहणी होऊ लागली, खेडी मोजली जाऊ लागली आणि पुढे घरांची संख्या चाळीस हजारांवर गेली. पण मराठी वाहिन्यांची बाजारपेठ म्हणून जो प्रदेश धरला जातो, तो आहे ‘महाराष्ट्र आणि गोवा’. म्हणजे पणजीचे मराठी घर या हिशेबात येऊ शकते. पंचवीस-तीस मैलांवर मराठवाडा असणारे सीमाभागातील घर, बेळगावचे घर, इंदूरचे, बडोद्याचे घर येत नाही. तेथील यंत्राने मराठी मालिका टिपली तरी ती मध्य प्रदेशाच्या किंवा कर्नाटकाच्या खात्यावर पडते, आणि मराठी वाहिनीच्या जाहिरातदाराला त्या खात्याशी कर्तव्य नसते.

याचा परिणाम साधा पण दूरगामी झाला. जो प्रेक्षक मोजला जात नाही, त्याच्यासाठी कोणी लिहीत नाही. २०१६ हे वर्ष पाहा. ‘झी मराठी’वर त्या एका वर्षात ‘रात्रीस खेळ चाले’मधून मालवणी वळणाची बोली आली, ‘तुझ्यात जीव रंगला’मधून कोल्हापुरी आली, आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिकेच्या तोंडून नागपूरकडचे ‘करून राहिले’ हे रूप रात्रीच्या मुख्य वेळेत ऐकू आले. मुंबई-पुण्याच्या प्रमाण भाषेची मक्तेदारी मोडली, हे फार चांगले झाले. बेळगावकरांना कोल्हापुरीत आणि गोव्यातील अनेकांना मालवणीत ओळखीचा आवाज सापडला. मात्र नीट पाहिले तर ज्या बोली पडद्यावर आल्या, त्या मोजणीच्या प्रदेशातील होत्या. माळव्याचे मराठी, बडोद्याचे गुजराती शब्द सहज पोटात घेणारे मराठी, हैदराबादचे दखनीशी शेजार करणारे मराठी यांपैकी एकही बोली अशा लोकप्रिय मालिकेच्या नायिकेला मिळाली नाही.

भाषेवर झालेला परिणाम दुहेरी आहे. लाभ आधी सांगू. ज्या घरांत तिसऱ्या-चौथ्या पिढीला मराठी समजे पण बोलता येत नसे, तेथे मालिकेने कानाला सलग मराठी दिली. आत्या, वहिनी, जाऊ, नणंद यांच्याशी बोलण्याच्या लकबी, रुसण्याचे आणि समजूत काढण्याचे शब्द पुस्तकातून शिकता येत नाहीत. ते या रोजच्या तासाने पुरवले. हानी दुसऱ्या बाजूची. पडद्यावरचे मराठी हेच खरे मराठी, असे मुलांना वाटू लागले आणि आजीच्या तोंडचे दीडशे-दोनशे वर्षांचे, होळकर-शिंदे-गायकवाडांच्या काळापासून वाढलेले मराठी चुकीचे ठरू लागले. जी भाषा टिकवण्यासाठी आजीने संचावर हक्क सांगितला, तीच भाषा आजीच्या बोलण्याला हसू लागली.

यातील मोठा विनोद पुढेच आहे. ‘मला मदत कर’ ऐवजी ‘माझी मदत कर’ म्हणणारा इंदूर-ग्वाल्हेरकडचा पाहुणा पुण्यात थट्टेचा विषय होत असे. हिंदीच्या सहवासाने याचे मराठी बिघडले, असे मानले जाई. आज ‘माझी मदत कर’ हाच प्रयोग मराठी मालिकांत आणि हिंदीवरून भाषांतरित झालेल्या जाहिरातींत सर्रास ऐकू येतो आणि पुण्या-मुंबईच्या मुलांच्या तोंडी बसला आहे. आपल्या पूर्वजांची हिंदीशी देवघेव दोन शतकांच्या शेजारातून झाली होती. मालिकांची झाली ती भाषांतराच्या घाईतून. पहिलीला आपण दोष मानत आलो आणि दुसरी निमूटपणे स्वीकारली.

आणखी एका मालिकेचा उल्लेख केल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही. १ जून २००९ रोजी ‘झी टीव्ही’ या हिंदी वाहिनीवर एकता कपूर यांचीच ‘पवित्र रिश्ता’ सुरू झाली आणि २०१४ पर्यंत चालली. मूळ कथा तमिळ मालिकेची, भाषा हिंदी, आणि घरे मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाची. त्यातील अर्चना साकारणाऱ्या अंकिता लोखंडे या इंदूरच्या मराठी कुटुंबातील. आपल्या गावांतील अमराठी शेजाऱ्यांना मराठी घर कसे असते याची पहिली सविस्तर ओळख बहुधा याच मालिकेने करून दिली. देशमुख, करंजकर ही आडनावे त्यांच्या जिभेवर आली. ‘आभाळमाया’ने आपल्याला आपली भाषा ऐकवली, ‘पवित्र रिश्ता’ने शेजाऱ्याला आपला चेहरा दाखवला. पण तो चेहराही मुंबईच्या चाळीतला होता. इंदूरची मुलगी नायिका झाली ती मुंबईकर होऊनच. तिच्या स्वतःच्या गावच्या मराठी घराची कथा ना हिंदीने सांगितली, ना मराठीने.

मग या स्पर्धेत कोण जिंकले? आकड्यांनी ‘क्योंकि’ जिंकली. तिचे नाव इतके टिकले की २९ जुलै २०२५ रोजी तीच मालिका नव्या रूपात परत आली. दीर्घायुष्यात ‘चार दिवस सासूचे’ जिंकली. बाजारात पाहिले तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ला तोड नाही, तिच्या नायिकेचे, जान्हवीचे, मंगळसूत्र सराफांच्या दुकानांत त्याच नावाने मागितले जाई. आपल्या घरांच्या बाजूने पाहता माझे मत ‘आभाळमाया’च्या पारड्यात पडते. ती सर्वश्रेष्ठ होती म्हणून नव्हे. मराठी ही केवळ सणावाराची, देवघराची आणि म्हाताऱ्या माणसांची भाषा नाही. तिच्यात आजची स्त्री आजच्या प्रश्नांवर विचार करू शकते, हे परप्रांतात वाढलेल्या मुलींना तिने ऐन वेळी ऐकवले. हिंदीशी रोज होणाऱ्या तहात मराठीची बाजू मांडायला आजीला एक वकील मिळाली.

परंतु हे मत पुराव्याने तपासायचे तर पुरावा कोठे आहे? यंत्रे आपल्या घरी कधी आली नाहीत आणि येणारही नाहीत. आज तर एका संचासमोरचा तो तहही संपला आहे. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे आणि नातवंडे मालिका पाहतीलच असे नाही. तेव्हा हे काम आपल्यासारख्या संस्थांनीच केले पाहिजे. कोणत्या घरात कोणती मालिका लागत असे, कोणासाठी लागत असे, त्यातून कोणते शब्द घरात आले आणि आजीचे कोणते शब्द गेले, एवढे चार प्रश्न प्रत्येक शाखेने आपल्या वडीलधाऱ्या सभासदांना विचारावेत आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत, दुरुस्त न करता, ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. २००० साली पन्नाशीत असलेली गृहिणी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. आपल्या मराठीचा दप्तरखाना तिच्याकडे आहे आणि तो उघडण्यासाठी आपल्याजवळ फार वर्षे उरलेली नाहीत.